बोहारीण, विपील आणि सोफ्यावरची उशी

लहानपणी आमच्या गल्लीत महिन्या-दीड महिन्यातनं एकदा बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं, आणि पायरीवर बसून आईची नि तिची जी घासाघीस चालायची ती ऐकण्यासारखी असायची, दोन पँटी तीन शर्ट झाले, आता वर एक साडी टाका ताई तरच हे पातेलं. जरीची साडी दिसली की तिचा सूरच बदलायचा. आजीची एक हिरवी, काठ विरलेली साडी अशीच गेली आणि तिच्या बदल्यात आलेलं पातेलं अजून आमच्याकडे दूध तापवायला आहे. साडीचं पुढे काय झालं देव जाणे. बहुतेक जाळली असणार, तेव्हा जुन्या जरीतली चांदी काढायला साड्या सर्रास जाळायचे.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे एक उशी. म्हणजे उशीचा अभ्रा. चुलतभाऊ अमेरिकेतनं आला तेव्हा त्यानं आणला, लाल-जांभळा, गच्च विणलेला, आणि सोबत एक छोटी चिठ्ठी लटकलेली की हे ग्वाटेमालाच्या माया लोकांचं व्हिंटेज कापड आहे, वस्तू सस्टेनेबल आहे आणि आर्टिझन पार्टनर्सच्या साथीनं बनवली आहे. मी स्वतः जुन्या साड्यांच्या गोधड्या, अभ्रे, टेबलावरचे रनर असलं शिवण्याचं छोटंसं काम करते, त्यामुळे असे तीन मोठे शब्द एका इवल्याशा चिठ्ठीवर दिसले की मी आधी वस्तू उलटी करून आतली टीप बघते. उलटी केली तर आत मधोमध कापडाचा एक अर्धगोल तुकडा जोडलेला दिसला, भोक बुजवल्यासारखा. ते भोक कसलं हे कळायला मला बरंच वाचावं लागलं, आणि ते वाचता वाचता त्या तीन शब्दांचा अर्थही जरा जरा उलगडला. तोच इथे सोपा करून सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. माया म्हटलं की आपल्याला जंगलातले पिरॅमिड आठवतात किंवा २०१२ ला जग बुडणार होतं ते. ते लोक कुठे गायब-बियब झालेले नाहीत. मेक्सिकोच्या खाली ग्वाटेमाला नावाचा देश आहे, तिथल्या २०१८ च्या जनगणनेत साधारण ४२ टक्के लोकांनी आपण माया असल्याचं सांगितलंय. तिथे २२ माया भाषा बोलल्या जातात, किचे, काकचिकेल, त्सुतुहिल, इशिल, केकची अशा, आणि आजही लाखो बायका रोज आपला पारंपरिक पोशाख घालून बाजारात, ऑफिसात, कॉलेजात जातात. सणासुदीला कपाटातनं काढायचा हा प्रकार नाही, रोजचा पेहराव आहे.

त्या पोशाखातला वरचा झगा म्हणजे विपील. खाली गुंडाळायचं काही मीटर लांब कापड म्हणजे कोर्ते, आपल्या लुंगीसारखं पण भारी. कमरेला घट्ट पट्टा, त्याला फाखा म्हणतात. डोक्याला फीत. आणि त्सुते नावाचं एक चौकोनी फडकं असतं, त्यात पोळ्या बांधा, डोक्यावर टाका, बाळ गुंडाळा, आपल्या पंच्याला जसं कुठलंच काम वर्ज्य नसतं तसं. घरसजावटीचा जो काही माल बाहेर जातो तो मुख्यत्वे विपील आणि कोर्ते या दोन कापडांमधून निघतो. ही दोन्ही कापडं वेगवेगळ्या मागावर विणलेली असतात आणि सगळी गोम तिथेच आहे.

कोर्ते विणतात पायमागावर, तो स्पॅनिश लोकांनी नेला. त्याचं कापड रुंद निघतं, लांबच्या लांब निघतं, त्यामुळे बाकावरच्या गादीला, खुर्चीला, पडद्याला ते कापायला सोपं. त्यात हास्पे नावाचा प्रकार आहे, विणायच्या आधीच धागा जागोजागी बांधून रंगवायचा म्हणजे विणल्यावर कडा धूसर झालेली नक्षी दिसते. साल्काहा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. आपल्याकडे पोचमपल्ली किंवा पाटणचा पटोला ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं समजवायला नको.

विपीलचा माग मात्र बघितला तर पहिल्यांदा माग वाटतच नाही. सात-आठ काठ्या आणि दोरा, गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवला तर सरपण समजून कुणी चुलीत घालेल. एका टोकाची काठी दोरीनं झाडाला नाहीतर घराच्या खांबाला बांधायची, दुसऱ्या टोकाला पट्टा लावून तो आपल्या कमरेमागून घ्यायचा आणि जमिनीवर गुडघे मुडपून बसायचं. ताणा, म्हणजे लांबीतले उभे धागे, घट्ट हवा की मागे रेलायचं, ढिला हवा की पुढे झुकायचं. म्हणजे मागाची चौकट हे विणणाऱ्या बाईचं अंगच. ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना मक्याच्या पिठाची खळ देतात. नागालँड, मणिपूरकडे असाच कमरेचा माग आहे, तिकडच्या शाली त्याच्यावरच होतात. आणि हा प्रकार फार जुना आहे, मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या हाइना बेटावर इसवी सन ६०० ते ९०० या काळातल्या मातीच्या छोट्या मूर्ती सापडल्या, त्यात एक बाई अशीच माग बांधून बसलेली आहे. तिच्या मागावर आजची एखादी काकचिकेल बाई बसली तर थोडं इकडेतिकडे बघेल आणि विणायला लागेल असं मला वाटतं.

आता अंगच चौकट म्हटल्यावर रुंदीला मर्यादा आली. दोन्ही हात जेवढे आरामात पोचतील तेवढाच पट्टा, साधारण हात-दीड हात. म्हणून विपील एका कापडाचं क्वचितच, बहुतेक वेळा दोन किंवा तीन पट्टे वेगळे विणून शेजारी शेजारी जोडतात. त्या जोडावर रंगीत दोऱ्यानं जी शोभेची हातशिलाई करतात तिला रांदा म्हणतात, आणि ती इतकी सुंदर असते की आपल्याकडे जोड लपवायची जी धडपड असते ती बघून हसू यावं.

नक्षी ही भरतकाम आहे असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटलं होतं. काही गावांत खरोखर भरतकाम करतात, पण जास्त करून नक्षी विणतानाच आत घातलेली असते. म्हणजे कापडाचा नेहमीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, एक ओळ गेला की त्यावर रंगीत जादा धागा बोटांनी उचलून हव्या त्या ताण्यांखालून काढायचा, मग परत साधा बाणा, परत रंगीत. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर जसा सुईनं काढलेला नसतो, विणलेला असतो, तसंच हे, तंत्र वेगळं आहे पण चिकाटी तीच. सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेस नावाच्या गावात तर अशी पद्धत आहे की नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, उलटी-सुलटी कुठली ते सांगता येत नाही. डिझाईन कागदावर नसतं. आईकडून मुलीकडे, बघून बघून, मोजून मोजून. रोजचं साधं विपील काही आठवड्यांत होतं आणि सणाचं भरगच्च असेल तर कित्येक महिने जातात, कारण बाई दिवसभर विणत नाही, स्वयंपाक, पोरं, शेत, बाजार यातनं जो वेळ उरतो तो तिचा मागाचा वेळ.

आता ते भोक. पट्टे जोडले की मधे डोकं घालायला गळा ठेवतात. चिचिकास्तेनांगो गावच्या विपीलला या गळ्याभोवती काळ्या चमकदार कापडाचे त्रिकोणी किरण लावतात, सूर्यासारखे, आणि पुढे-मागे-खांद्यांवर अशा चार गोल टिकल्या, त्या चार दिशांच्या. म्हणजे बाईनं ते अंगात घातलं आणि गळ्यातनं डोकं बाहेर काढलं की ती जगाच्या मधोमध उभी, सूर्याच्या जागी. माझ्या उशीत जे बुजवलं होतं ते हे. ज्यानं कुणी शिवलं त्यानं टीप एकदम सरळ मारली होती, काम म्हणून उत्तमच, पण ते कळल्यावर मी थोडा वेळ उशी मांडीवर घेऊन नुसती बसले.

आणि गावागणिक नक्षी वेगळी. नेबाखच्या इशिल बायकांची लालभडक, पक्षी-प्राण्यांनी भरलेली. कोबानकडच्या डोंगरात पिकबिल नावाचं पांढऱ्यावर पांढरं, जाळीसारखं विरविरीत कापड. सान्तियागो आतित्लानच्या बायका डोक्याभोवती लांबच लांब फीत गुंडाळून तिचं तेजोवलय करतात आणि अशाच एका बाईचा चेहरा ग्वाटेमालाच्या २५ सेंतावोच्या नाण्यावर आहे. कपडा बघून माणूस कुठल्या गावचं ते सांगता यायचं, आजही जाणकाराला येतं, फक्त आता तरुण मुली दुसऱ्या गावची विपीलं पण हौसेनं घालतात, रंगांच्या फॅशन दर दोन-चार वर्षांनी बदलतात, चमकीचा धागा येतो जातो.

गाव ओळखू येणं ही अभिमानाची गोष्ट, पण एका काळात ती जिवावरची गोष्ट झाली. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ असं ३६ वर्षं यादवी युद्ध चाललं. सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार दोन लाखांच्या वर माणसं मारली गेली किंवा गायब झाली आणि ओळख पटलेल्या बळींमधले ८३ टक्के माया होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यानं डोंगरातली गावंच्या गावं जाळली, सगळ्यात जास्त इशिल भागात. अशा वेळी अंगावरचं विपील म्हणजे मी अमुक गावची असं ओरडून सांगणं, म्हणून पळून गेलेल्या कित्येक बायकांनी ते उतरवून ठेवलं आणि साधे स्कर्ट-ब्लाऊज घातले. जुनं कापड म्हणजे व्हिंटेज, किती छान वाटतं ना ऐकायला. त्यातलं काही कापड याच वर्षांतनं वाचून आलेलं आहे. त्याच्या कितीतरी आधी, १५६२ च्या जुलैमध्ये, आजच्या मेक्सिकोतल्या युकातान भागात मानी गावात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्यानं माया लोकांच्या पोथ्या जाळल्या होत्या, आज जगात अशा फक्त चार पोथ्या शिल्लक आहेत. म्हणून तिथल्या विणकर बायका म्हणतात की आमची विणकामं हीच आमची पुस्तकं, ती जाळायची राहून गेली.

आता मुद्द्यावर. हे कापड उशीपर्यंत पोचतं कसं?

तर तिथेही बोहारीण आहे, किंवा बोहारी म्हणा. गावोगाव फिरून जुनी विपीलं, कोर्ते, त्सुते विकत घेणारे व्यापारी असतात, ते माल आणतात मोठ्या बाजारात, त्यातला चिचिकास्तेनांगोचा गुरुवार-रविवारचा बाजार सगळ्यात नावाजलेला. बाई विपील का विकते? कधी घरात आजारपण, कधी पोराची फी, आणि कधी सरळ सरळ रंगाचा कंटाळा आलाय म्हणून, आपण नाही का साड्या काढून टाकत. सगळंच दुःखाचं नसतं हे मुद्दाम सांगते, कारण बाहेरचे लोक या बायकांबद्दल लिहितात तेव्हा त्या एकतर देवी असतात नाहीतर बिचाऱ्या. काहीजणी मात्र काही झालं तरी विकत नाहीत, आईचं विपील आईबरोबर पुरायची पद्धतही काही ठिकाणी आहे.

तिथून पुढे कापड धुणारे, निवडणारे, कापणारे, शिवणारे, मग निर्यात करणारा, मग परदेशातला ब्रँड, मग दुकान, मग माझा चुलतभाऊ. या साखळीत आर्टिझन, म्हणजे कारागीर, कोण? चिठ्ठीवर आर्टिझन पार्टनर लिहिलेलं असतं तेव्हा आपल्या डोळ्यासमोर कमरेला माग बांधलेली बाई येते, पण व्हिंटेज उशीच्या बाबतीत तो पार्टनर बऱ्याचदा शिलाई मशीनवर बसलेला टेलर असतो. टेलर पण कारागीरच, माझा स्वतःचा धंदा तोच आहे, त्याला कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण ज्या बाईनं महिनोनमहिने विणलं तिला पैसे मिळाले ते एकदाच, ज्या दिवशी ते बोचक्यात गेलं त्या दिवशी, आणि तेही तिला नाही तर कदाचित तिच्या नातीला.

इथे एक हिशोब करून बघू, आकडे माझ्या मनातले आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा एका उशीच्या दर्शनी भागाएवढं कापड कमरेच्या मागावर नव्यानं विणायला ४० तास लागतात. तासाला १०० रुपये धरले तर नुसती मजुरी ४,००० झाली, धागा वेगळा, शिलाई वेगळी, आतला कापूस वेगळा. आता दुसरीकडे एक जुनं विपील १,५०० ला मिळालं आणि त्यातनं दोन उशा निघाल्या, तर कापड पडलं उशीमागे ७५०. दोन्ही उशा दुकानात शेजारी शेजारी ठेवल्या तर गिऱ्हाईक कुठली उचलेल? म्हणजे व्हिंटेज स्वस्त पडतं ते कापड जुनं आहे म्हणून नाही, त्यातले तास पूर्वीच खर्च झालेत आणि ते आता कुणी मोजत नाही म्हणून. आणि त्याच जुन्या कापडाशी आज विणायला बसलेल्या बाईला भावात स्पर्धा करायला लागते, म्हणजे आजीच्या विणकामानं नातीचा भाव पाडला. मला हे उमजलं तेव्हा माझ्या गोधड्यांचा हिशोबही परत मांडावा लागला, पण ते परत कधीतरी.

म्हणून सस्टेनेबल या शब्दाचे इथे दोन तुकडे करायला लागतात. एक, कापड कचऱ्यात गेलं नाही, नवा कापूस पिकवावा लागला नाही, नवं रंगवावं लागलं नाही, हे खरंच आहे आणि चांगलंच आहे. दोन, ज्या कामावर हे सगळं उभं आहे ते विणकाम पुढे चालू राहील का? जुनी विपीलं काही विहिरीतल्या पाण्यासारखी परत झिरपत नाहीत. चांगली विपीलं कापून संपली की संपली, आणि नवं विणणं परवडत नाही म्हणून मुलींनी माग सोडला तर पन्नास वर्षांनी व्हिंटेज म्हणायला काही उरणारच नाही.

मग पार्टनर म्हणजे नेमकं काय असायला हवं? माझ्या मते तीन-चार रोकड्या गोष्टी. धाग्याला आगाऊ पैसे, कारण धागा महाग असतो आणि विणायला बसायच्या आधीच घ्यावा लागतो, फेअर ट्रेडवाल्यांच्या, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला द्या म्हणणाऱ्यांच्या, नियमात मागितल्यास किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते ती यासाठीच. दर कुणी ठरवला, बायकांनी की गिऱ्हाइकानं. ऑर्डर वर्षभर येते की फक्त नाताळच्या आधी. आणि माल नाकारला तर तोटा कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न कुणी विचारत नाही पण शिवणाऱ्याला विचारा, सगळा जीव त्यातच अडकलेला असतो. मी एकदा एका दुकानाला चाळीस अभ्रे करून दिले, त्यांनी शेवटी रंग जरा वेगळा वाटतोय म्हणून अकरा परत पाठवले, ते अजून माझ्या माळ्यावर आहेत.

अशा प्रकारे काम करणाऱ्या संस्था तिथे आहेत, त्यातल्या काही युद्धाच्या काळातच उभ्या राहिलेल्या. केत्साल्तेनांगो शहरातली ट्रामा ही विणकर बायकांची सहकारी संस्था १९८८ ची, नवरे-भाऊ गमावलेल्या बायकांनी पाच वेगवेगळ्या भागांतनं एकत्र येऊन काढलेली, तिथे परक्या माणसालाही कमरेच्या मागावर विणायला शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात, म्हणजे ज्ञानाचाही मोबदला. मायन हँड्स ही १९८९ ची. आतित्लान तळ्याकाठी सान हुआन ला लागुना गावात बायकांचे गट झाडपाल्याचे रंग करतात, रंग पक्का करायला केळीचा खुंट वापरतात.

आणि पानाहाचेलमधली मुल्तिकोलोरेस, जी मला सगळ्यात जास्त आवडली. त्याचं असं आहे की ग्वाटेमालात अमेरिकेतनं जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात, त्याला तिथे पाका म्हणतात, आणि हे स्वस्त टी-शर्ट जीन्स हे विपील मागे पडायचं एक मोठं कारण आहे, कारण पूर्ण पारंपरिक पोशाखाच्या पैशात घरभराचे पाका कपडे येतात. तर या संस्थेतल्या बायका त्याच पाका टी-शर्टच्या बारीक पट्ट्या कापतात, आकडीनं त्या कापडातनं वर ओढून ओढून गालिचे करतात, आणि नक्षी घेतात आपल्या विपीलवरची. म्हणजे विपील कापायचं नाही, त्याचं डिझाईन घ्यायचं, आणि फाडायचं तर जे कापड आपल्यावर येऊन पडलंय ते फाडायचं. काय डोकं आहे.

आता थोडं शिवणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. कमरेच्या मागावरच्या कापडाला बऱ्याचदा चारही बाजूंनी काठ असतो, कुठूनच उसवत नाही, पण कात्री लावली की तो बंद निघाला. जादा बाण्याचे रंगीत धागे नुसते वर तरंगत असतात, कापल्या कडेला ते लगेच सुटायला लागतात. म्हणून कापायच्या आधी रेषेच्या दोन्ही बाजूंनी टीप मारून घ्यायची, मग कापायचं, मग इंटरलॉक. जुन्या कापडाला मागून सुती अस्तर पूर्णच लावायचं, नुसत्या कडांना नाही, कारण ताण अस्तरानं घ्यायला हवा, नक्षीनं नाही. काखेचा आणि खांद्याचा भाग घामानं, ओझ्यानं विरलेला असतो, उजेडासमोर धरलं की कळतं. चेन नेहमी मागच्या नव्या कापडात बसवावी, जुन्यात बसवली तर ती ओढाओढीत कापड फाडते. आणि जोड, म्हणजे रांदा, शक्य असेल तर मधे ठेवावा, त्याचा रुबाब जाऊ देऊ नये.

रंगाचं मात्र जपून. जुन्या काळी नीळ, आणि निवडुंगावरच्या किड्यांपासून मिळणारा लाल असे रंग होते, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रासायनिक रंग आले, आणि त्यातले काही लाल-जांभळे पहिल्या धुण्याला जे सुटतात ते सुटतात. पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यात पाच मिनिटं दाबून ठेवायचं, डाग आला तर ते कापड पाण्यात घालायचं नाही. हे मला माहीत आहे, मी लोकांना सांगते, आणि तरी त्या अभ्र्यावर चहा सांडला तेव्हा घाईत सरळ बादलीत बुडवला. मधल्या पांढऱ्या पट्टीवर गुलाबी ढग उमटला तो आता कायमचा.

अजून दोन खुपणाऱ्या गोष्टी. काही ठिकाणी जुनी कापडं एकरंगी करायला वरून गडद रंगात बुडवतात, म्हणजे परदेशातल्या राखाडी सोफ्याला मॅच. नक्षी नुसती उठावदार पोत म्हणून उरते, गाव पुसलं जातं. मला ते बघवत नाही, हा माझा हट्ट समजा. आणि उशी कितीही सस्टेनेबल म्हणा, आत बघितलं तर पॉलिएस्टरचा फायबर भरलेला. आपल्याकडे शेवरीचा कापूस मिळतो, गादीवाला अजून पिंजून देतो, निदान चिठ्ठी खोटी पडत नाही.

नक्षी कुणाची हा भांडणाचा विषय तिथे थेट कोर्टात गेलाय. बाहेरच्या कंपन्या डिझाईन उचलतात आणि खुद्द ग्वाटेमालातही मशीनवर छापलेली स्वस्त विपीलं बाजारात आली आहेत, लांबून बघितलं तर फसायला होतं. २०१६ मध्ये साकातेपेकेस भागातल्या आफेदेस या बायकांच्या संघटनेनं विणकर बायकांना घेऊन घटना न्यायालयात धाव घेतली की एका माणसाच्या नावावर कॉपीराईट देणारे कायदे आहेत, पण अख्ख्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या नक्षीला संरक्षण नाही. २०१७ मध्ये न्यायालयानं संसदेला यावर कायदा करायला सांगितलं. ५२४७ क्रमांकाचं विधेयक संसदेत आलं आणि रेंगाळत राहिलं. आपल्या पैठणीला निदान जीआय मानांकन तरी आहे, तरी येवल्याच्या दुकानाबाहेर पॉवरलूमचा माल पैठणी म्हणून विकला जातोच, म्हणजे कायद्यानं सगळं होतं असंही नाही.

तुम्ही विचाराल मग जुनं विपील कापावं की कापू नये. मी गोधडीवाली आहे, कापू नये म्हणणं माझ्या तोंडी शोभणार नाही. गोधडीत आजीची साडी फाडली जाते तेव्हा कात्री घरातल्याच कुणाच्यातरी हातात असते, कुठला भाग विरलाय, कुठला काठ ठेवायचा, कुठली साडी तिच्या लग्नातली म्हणून हातच लावायचा नाही, हे तिला माहीत असतं. तेवढं माहीत असणारा माणूस कात्रीपाशी असेल तर कापा. विरलेलं, फाटकं, जोडाचं उरलेलं आधी कापा, धडधाकट असेल तर अख्खंच भिंतीवर टांगा. आणि उशीची मागची बाजू तरी नव्यानं विणलेल्या कापडाची करा, म्हणजे आज मागावर बसलेल्या बाईच्या हातात काही पडेल. असं करणारे लोक आहेत, त्यांची उशी महाग असते, आणि का महाग असते ते तुम्ही मघाचा हिशोब वाचला असेल तर कळेल.

मी त्या अभ्र्याची अर्धगोल जोड उसवली. आई समोर भाजी निवडत होती, म्हणाली, चांगली उशी का फाडतेयस. मी तिला गळा दाखवला, कडेला अजून काळ्या किरणांचे दोन-तीन तुकडे टाक्यात अडकलेले होते, ते दाखवले. तिनं चष्मा पुसून बराच वेळ निरखलं, बोट फिरवलं, म्हणाली, शिवणारीचा हात बारीक आहे गं, टाका बघ कसा घेतलाय. मग तिनंच सुचवलं की मागून लाल खणाचा तुकडा लाव आणि गळा तसाच उघडा दिसू दे. तसं केलंय. गुलाबी डाग आहेच, पण आई तिथे पाठ टेकून बसते त्यामुळे दिसत नाही.